शर्टावरची हिरवी मासोळी

“खोली बघायला आलाय का?”

माझ्याच गावात पाऊल ठेवल्यावर माझं स्वागत झालं ते या प्रश्नानं. विचारणारा पानटपरीवाला होता. जिथं त्याची टपरी उभी होती तिथं मी लहानपणी गोवऱ्या थापल्या होत्या, पण हे त्या बिचाऱ्याला कुठून माहीत असणार. मी म्हटलं, बघायची आहे, काय काय सोय आहे ते सांगा. त्यानं नळाला पाणी किती वाजता येतं ते सांगितलं, मालक फार कटकट करत नाही असं सांगितलं, मिस्टर कुठल्या कंपनीत आहेत तेही विचारून घेतलं. सगळं ऐकल्यावर मी विचारलं, त्या मालकाची म्हातारी आई अजून भाडेकरूंच्या पातेल्यांत डोकावते का? त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. मग मी कुणाची मुलगी ते सांगितलं आणि मी नको नको म्हणत असताना त्यानं मला मसाला पान खायला लावलं.

नाशिकहून निघताना सासूबाईंनी बजावलं होतं, चार दिवस माहेरी चाललीस तर तोंड जरा आवरून राहा. ते असं वेशीवरच सुटलं.

लग्नाला दहा वर्षं होत आली होती. मधे दोनदा येऊन गेले होते, पण ते येणं खरं नव्हे. एकदा बाळंतपणाला आले तेव्हा आईनं खोलीबाहेर पडू दिलं नाही, आणि माझे वडील, आबा, गेले तेव्हा कुठं काही बघायचं भान नव्हतं. या खेपेला मात्र नुसतं हिंडायला आले होते. चाकणला एस.टी. थांबली आणि खिडकीतून कांद्याचा वास आत आला तेव्हाच मला माहेर आल्यासारखं वाटलं होतं. कासारवाडीला नाशिक फाट्यावर उतरले, तिथून दुसरी बस धरली आणि चिखलीत आले तर चिखली सापडेना.

म्हणजे देऊळ होतं, तालीम होती. पण त्यांच्या मधे कोण कुठली माणसं येऊन राहिली होती. आमच्या शेजारच्या गोठ्याच्या चार खोल्या झाल्या होत्या आणि चारी दारांतून चार तऱ्हेची मराठी ऐकू येत होती. एकीत कोकणातलं हेल काढून बोलणं, दुसरीत लातूरकडचं. ज्या विहिरीवर आम्ही पोरी तासन् तास गावाची उणीदुणी काढायचो तिच्यावर जाळी टाकून कुणीतरी स्कूटर लावली होती. मला वाईट वाटलं असं म्हणायची रीत आहे. मला खरं तर मजा वाटत होती. माझ्या लहानपणी गावात नवं माणूस आलं की आठ दिवस पुरायचं. आता रोज नवी माणसं येत होती आणि त्यांना नावं ठेवायला मीच तेवढी गावात नव्हते.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत खुपली. घराघरापुढं दोऱ्यांवर कंपन्यांचे कपडे वाळत होते. निळे, खाकी, राखाडी. कसेही टाकलेले, कुणाची बाही उलटी, कुणाचा शर्ट बाईच्या परकराखाली दबलेला, आणि जाणारायेणारा त्यांच्याकडं ढुंकूनही बघत नव्हता. आमच्या वेळी असं कुणी केलं असतं तर आबांनी त्याला दोरीसकट आत नेलं असतं.

मी शाळेत जाऊ लागले तेव्हा गावाला शेती आणि भजन सोडून काही माहीत नव्हतं. बासष्ट-त्रेसष्टच्या पुढं पिंपरीच्या बाजूला एकेक धुराडं उभं राहू लागलं, मग आणखी कारखाने आले, आणि गावातली पोरं सायकलींवर बसून तिकडं निघाली. माझा दादा त्यांतला एक. तो वेल्डिंगला लागला. दोन वर्षं टेंपररी राबला आणि मग पर्मनंट झाला. त्या दिवशी आबांनी देवळात नारळ फोडला आणि प्रसाद वाटताना प्रत्येकाला “पोरगं पर्मनंट झालं” असं सांगितलं. ज्यांना तो शब्द कळला नाही त्यांनी आजारातून उठलं असेल असं समजून बरं झालं म्हटलं.

आबांचं त्या शब्दावर फार प्रेम बसलं. आमची म्हैस पर्मनंट होती, कारण ती दूध द्यायला कधी चुकत नसे. शेजाऱ्यांची टेंपररी. गावात नव्यानं आलेला मास्तर टेंपररी, मारुती पर्मनंट. माझ्या बाबतीत त्यांचं एकच म्हणणं होतं: पोरगी द्यायची ती पर्मनंटलाच. मुलगा काळा असो, बुटका असो, घोरणारा असो, त्यांची हरकत नव्हती.

आता कोण पर्मनंट आणि कोण टेंपररी हे ओळखायचं कसं? तर कपड्यांवरून. पर्मनंट माणसाला कंपनीकडून वर्षाला दोन जोड मिळत. निळा शर्ट, निळी पँट, आणि शर्टाच्या खिशावर पांढऱ्या दोऱ्यानं विणलेला त्याचा टोकन नंबर. टेंपररीवाला आपल्याच जुन्या कपड्यांत काम करायचा. त्यामुळं त्या निळ्या शर्टाला गावात भलताच मान आला. लोक तो घालून फोटो काढायला चिंचवडला जात. लग्नात आहेर करायला जातानाही अंगात तोच. माझा एक चुलता एकादशीला आळंदीला तो घालून गेला आणि दर्शनाच्या रांगेत कुणी पुढं सोडलं नाही म्हणून रागावून परत आला. आबांची शिस्त अशी होती की दादाचा शर्ट धुतल्यावर घरापुढच्या दोरीवरच वाळला पाहिजे, आणि खिसा रस्त्याच्या बाजूला. मी मुद्दाम उलटा टाकायची आणि आबा येऊन सुलटा करायचे.

कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असायची, वीज पुरवून वापरायला लागते म्हणून. तेव्हा आमच्याकडं मुली बघायचा वारही गुरुवार झाला. सुट्टीच्या दिवशी मुलगा कंपनीच्या कपड्यांत, कडक इस्त्री करून, पाहुण्यांसोबत यायचा, आणि मुलीचा बाप त्याच्या तोंडाआधी खिशाकडं बघायचा. मग व्हायचं तेच झालं. ज्यांच्याकडं शर्ट नव्हता ते मागून आणू लागले. एकेका शर्टानं चार-चार मुली बघितल्या. हे सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त आपल्या घरी येणारा मुलगा तसा नाही अशी प्रत्येक बापाची खात्री होती.

दादाचे शर्ट सांभाळायचं काम माझं. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी त्यांना बारीक बारीक भोकं पडत. आमच्या आळीत एक मुसलमान शिंपी राहायचे. त्यांच्या बायकोनं, आम्ही तिला चाची म्हणायचो, मला रफू शिकवलं होतं. इतकं चांगलं की भोक कुठं होतं ते शोधून सापडू नये. पण सापडू नये असं काम करण्यात मला काय गंमत. एकदा एका शर्टाच्या डाव्या बाहीला, मनगटाच्या जरा वर, बोटभर लांब भोक पडलं. माझ्या चोळीच्या कापडाचा हिरवा दोरा उरला होता. मी त्या भोकाची मासोळी केली. दोन कल्ले, शेपूट, आणि काळ्या दोऱ्याचा डोळा.

दादा तसाच कामावर गेला आणि आख्ख्या खात्यानं त्याला दिवसभर वाम आहे की मरळ विचारून भंडावलं. आबा तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत; घरात गळ्यात माळ आणि शर्टावर मासा, लोक काय म्हणतील. उसवून टाक म्हणाले. दादा म्हणाला, राहू दे, भोकापेक्षा बरी आहे. तेव्हापासून दादाचे दोन शर्ट झाले, एक साधा आणि एक मासोळीचा.

बहात्तरच्या दुष्काळानंतर लातूर, बीडकडची पुष्कळ माणसं कामाला आली. त्यांतल्याच एकाचं स्थळ मला आलं. त्याच्या मामानं निरोप धाडला होता. मुलगा दादाच्याच कंपनीत, मशीनवर. आबांनी दादाला एकच प्रश्न विचारला, पर्मनंट हाय का? दादा जेवत होता. ताटातून डोकं वर न करता म्हणाला, हाय.

याआधी मला चौघांनी बघितलं होतं. मी एकोणीस वर्षांची होते आणि मला त्या कार्यक्रमांची भीती वाटत नसे, कारण पाहुणे गेल्यावर त्यांच्या नकला करून दाखवणं हा आमच्या पोरींचा ठरलेला कार्यक्रम असे. एकाची मान मागं पुढं व्हायची, एक पोहे खाताना दर घासाला डोळे मिटायचा. त्या गुरुवारीही मी नकलेला काय मिळतं ते बघायच्या तयारीनं ओसरीवर गेले. आमच्या दारात नेहमीप्रमाणं शेजारच्या बायका दाटीवाटीनं उभ्या होत्या.

मुलगा सडपातळ होता. तेल लावून भांग पाडलेला. खिशात रुमाल असा खोचला होता की त्याचं टोक नंबरावर येत होतं. मी पोह्यांचं ताट घेऊन गेले तर तो सतरंजीवर सरकला आणि ताट ठेवायला जागा करून दिली. आधीच्या चौघांत कुणाला हे सुचलं नव्हतं. मला नकलेला काही सापडेना. उलट तो माझ्याकडं बघेल का याची मी वाट बघत होते, आणि हे मला स्वतःलाच नवीन होतं. शेवटी त्यानं पोह्यांच्या बशीला हात पुढं केला आणि बाहीतून माझी हिरवी मासोळी बाहेर आली.

मी दादाकडं बघितलं. तो माझ्याकडंच बघत होता, डोळे मोठे करून. मला वाटलं, घाबरलाय. कुणाला तरी शर्ट दिला असणार, त्यानं पुढं दुसऱ्याला दिला असणार, आणि फिरत फिरत शर्ट आपल्याच घरी पोहे खायला आलाय. मला आतून इतकं हसू येत होतं की पोटात दुखायला लागलं.

आणि नेमकं त्याच वेळी मामांनी विचारलं, “पोरीला शिवनकाम येतं का?”

मी म्हटलं, “येतं की. तुमच्या भाच्याच्या बाहीवरची मासोळी मीच काढलीय.”

दारातली एक बाई फिसकन हसली आणि सगळा दरवाजा हसायला लागला. मीही हसले. आबा उठले, त्याच्यापाशी गेले, खिशातला रुमाल दोन बोटांनी बाजूला केला आणि चष्मा वर-खाली करून नंबर वाचला. तो नंबर त्यांना पाठ होता. विचारल्याशिवायही ते लोकांना सांगत.

आबांनी विचारलं, ह्यो शर्ट तुला कुनी दिला? तो उभा राहिला. म्हणाला, “माझं चुकलं. मी टेंपररीच हाय.” कुणी दिला ते काही त्यानं सांगितलं नाही. आबांनी तीनदा विचारलं, तो तीनदा गप्प राहिला. मग आबा म्हणाले, दोरीवरनं काढला आसंल. त्यानं मान खाली घातली, तिथंच शर्ट काढला, घडी घातली, आणि बनियनवर मामांचं उपरणं घेऊन बाहेर पडला. दादा आत जाऊन स्वतःचा सदरा घेऊन त्याच्या मागं धावला. मला वाटलं, मारायला गेला. बऱ्याच वेळानं परत आला तर सदरा हातात नव्हता, आणि माझ्याशी तो आठ दिवस बोलला नाही. आबांच्या शिव्या खाव्या लागल्या म्हणून माझ्यावर राग काढतोय, असं मी धरून चालले.

त्याच वर्षी मला नाशिकचं स्थळ आलं. यजमान शाळेत कारकून, पर्मनंट. माणूस चांगला आहे, माझं तोंड सहन करतो, क्वचित उलट उत्तरही देतो. तिकडं ही मासोळीची गोष्ट माझ्या नावावर चालते. पाहुणे आले की सासूबाई स्वतः सांगतात, सांग गं तुझी ती शर्टाची गोष्ट. मी मामांचा आवाज काढते, आबांचा चष्मा वर-खाली करते, आणि शेवटी ते उपरणं घेऊन जाणं असं करून दाखवते की लोक डोळे पुसतात. किती वेळा सांगितली असेल याचा हिशेब नाही.

तर या खेपेला आल्याच्या दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. दादाला सुट्टी. दुपार झाली तरी तो घरी नव्हता. वहिनी म्हणाली, मळ्यात आपल्या जागेवर शेड झालीय ना, तिथं जाऊन बसतात. तेवढं जेवायला बोलवून आण. आबा गेल्यानंतर दादानं मळ्याच्या कडेची जागा कुणा मित्राला वर्कशॉपसाठी दिली होती, एवढंच मला पत्रातून माहीत होतं.

मळ्यात जिथं आम्ही हुरडा खायचो तिथं पत्र्याच्या पाच-सहा शेड ओळीनं उभ्या होत्या. सगळ्या सारख्याच. एका दारात एक जण ग्रीसनं माखलेले हात पुसत उभा होता. त्याला मी दादाची खूण सांगून कुठली शेड ते विचारलं.

“मासोळीची का? ती काय, शेवटची.”

मी विचारलं, मासोळीची म्हणजे काय? त्याला कामातून सुटका हवीच होती. तो म्हणाला, सगळे तसंच म्हणतात, मागं एकदा नवीन कुणीतरी पिशवी घेऊन मासे घ्यायलाच आला होता. मग त्यानं नावाची हकिकत सांगितली. हा मालक म्हणे पूर्वी कुणाच्या तरी दोरीवरचा कंपनीचा शर्ट चोरून मुलगी बघायला गेला होता. त्या शर्टावर मासोळी होती. पोरगी मोठी चालू, तिनं भर बैठकीत पकडला आणि शर्ट उतरवून हाकलून दिला. सांगताना तो माणूस हसत होता. गोष्ट सांगायची ढबही वाईट नव्हती. फक्त मी जिथं हशा घेते तिथं तो “चोर” म्हणत होता.

मला त्याच्यासमोर हसता आलं नाही. परत घरी जावं असं फार वाटलं. पण जेवायचा निरोप द्यायचा होता, आणि पळून जाण्याची सवय मला कधी नव्हती.

शेडमध्ये एकच माणूस होता, लेथवर, पाठमोरा. मी बाहेरूनच मोठ्यानं म्हटलं, आमच्या हुरड्याच्या जागेवर हे काय लोखंड पेरलंय. त्यानं मशीन बंद केलं आणि वळला. केस थोडे पिकले होते, अंग भरलं होतं. मी त्याला ओळखलं, पण त्यानं मला आधी ओळखलं.

“बोलनं तेच हाय अजून,” तो म्हणाला. “बसा ताई. दादा मोशीला गेलेत मालाला, येतील इतक्यात.”

ज्याच्यापुढं मी एकदा पोह्यांचं ताट ठेवलं होतं त्यानं मला ताई म्हणावं, हे माझ्या घशाखाली उतरायला वेळ लागला. त्यानं स्टूल पुसून पुढं केलं. बायको, दोन मुली, कासारवाडीला घर, सगळं मी विचारण्याआधीच सांगून टाकलं. कंपनीत नंतर दोन महिन्यांतच तो पर्मनंट झाला होता, आणि सहा-सात वर्षांनी स्वतःच सोडून हे मशीन घातलं होतं. मी म्हटलं, बाहेर तुमच्याबद्दल काय सांगतात ते ऐकलं आत्ता.

तो म्हणाला, सांगू द्या, नावामुळं गिऱ्हाईक वाट चुकत नाही.

मला माफी मागायची होती. ते काम मी फारसं केलेलं नाही. मी म्हटलं, चोर असं मी कधीच म्हटलं नव्हतं. तो म्हणाला, तुम्ही खरं तेच बोलला होता. मग मला आणखी लाज वाटली. मी विचारलं, पण शर्ट तुम्हांला मिळाला कुठून? आबांना तुम्ही सांगितलं नाहीत, आता मला तरी सांगा.

त्यानं उलट मलाच विचारलं, “दादानं तुमाला कधीच सांगितलं न्हाई?”

मी नाही म्हटलं. तेव्हा त्यानं सांगितलं. दोघांची खाती लागूनच होती. दादाला तो मनापासून आवडला होता, बहिणीला द्यायचा तर हाच, असं त्यानं ठरवलं होतं. दोन महिन्यांत तो पर्मनंट होणार हे पक्कं होतं, पण आबा तेवढं थांबले नसते, आणि टेंपररी म्हटल्यावर तर त्यांनी ओसरीवरही चढू दिलं नसतं. म्हणून दादानंच मामांना निरोप धाडायला लावलं, आणि आदल्या दिवशी स्वतःच्या हातानं इस्त्री करून शर्ट आणून दिला.

“मी म्हनलं, हा नको, ह्याला मासोळी हाय, तुज्या घरात वळखतील. तर म्हनला, तेवढ्यासाठीच हा देतोय. आबांना ते रफू जवळनं दिसत न्हाई. पन मासोळी बघितली की तिला कळंल, मानूस भावानं धाडलाय. ती मनातल्या मनात हासंल अन् गप बसंल.”

दादाकडं दुसरा शर्ट होता. साधा, बिनमासोळीचा. तो दोरीवर होता त्या दिवशी. मीच धुऊन टाकला होता, खिसा उलट्या बाजूला करून. त्यानं तो दिला नाही. गावात सगळ्यांत हुशार मी, आणि माझ्या भावानं मला एवढी सरळ चिठ्ठी पाठवली ती मला वाचता आली नाही. त्याचे ते मोठे केलेले डोळे मला आत्ता कळले. भीती नव्हती ती. तो मला सांगत होता की हाच, नीट बघ.

मी विचारलं, मग तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत? दादाचं नाव सांगितलं असतं तर चोर तरी कुणी म्हटलं नसतं.

“सांगून काय करायचं व्हतं,” तो म्हणाला. “तुमी हसत व्हता. मला वाटलं, तुमाला मी नको हाय. मग कशाला दादाला मधी वढायचं.”

त्यानं हे अगदी साधेपणानं सांगितलं, उन्हाळा फार आहे म्हणावं तसं. मला खूप वाईट वाटत होतं, आणि माझ्या यजमानांना, माझ्या घराला त्यात काही कमीपणा नव्हता. वाईट वाटत होतं ते त्या बनियनवरच्या पोराचं, जो आमच्या ओसरीवरून असं समजून गेला आणि दहा वर्षं तसंच समजत राहिला. निदान ते तरी दुरुस्त करणं माझ्या हातात होतं.

“मी तुम्हांला हसवायला बोलले होते,” मी म्हटलं.

त्याला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. म्हटलं, चार जण बघून गेले, कुणासाठी एवढं चांगलं वाक्य खर्च केलं नव्हतं. तुम्ही ताटाला जागा करून दिलीत, मला आवडलात, आणि मला दुसरं काही येतच नव्हतं. मला वाटलं, तुम्ही हसाल.

त्यानं हातातलं फडकं लेथवर टाकलं. मग त्याच्या तोंडाचा एक कोपरा हलला. आणि मग तो हसला, आधी गालातल्या गालात, नंतर चांगला मोठ्यानं, लेथला हात टेकून. मीही हसायला गेले आणि मला रडू फुटलं. दादा दारात येऊन उभा राहिला तेव्हा एक जण हसत होता आणि एक जण रडत होती, आणि त्यानं दोघांनाही काही विचारलं नाही.